नोंद नसलेला बिघाड

स्मरणिकेसाठी लेख द्यावा, असा संपादक मंडळाचा निरोप आला तेव्हा विषयाची निवड माझ्यावर सोपविण्यात आली होती. इतिहासाच्या शिक्षकाकडून वाचक साधारणतः लेणी, शिलालेख किंवा चळवळीचा कालपट यांची अपेक्षा करतात. या वेळी मात्र मी आपल्या शाळेच्या व्हॅनविषयी, आणि नेमके सांगायचे तर तिच्या इंजिनातील अंगठ्याएवढ्या एका हवेच्या व्हॉल्व्हविषयी लिहिणार आहे. माजी विद्यार्थ्यांपैकी अनेकांनी या व्हॅनमधून प्रवास केला आहे आणि पालकांनी तिची वाट पाहिली आहे. तिच्या दुरुस्तीची ही हकिगत त्यांच्यापर्यंत पोहोचावी असे मला वाटते, कारण तिच्यात शिक्षणाविषयी काही सांगण्यासारखे आहे.

सुट्टी संपली की मुंबईतील बरीच मुले अजूनही भाऊच्या धक्क्यावरून लाँचने मोरा बंदरात उतरतात. १२ जानेवारी २०२४ रोजी अटल सेतू खुला झाला आणि त्याच दिवशी लोकल गाडी उरणपर्यंत येऊ लागली. तथापि माझगाव, शिवडी, डॉकयार्ड परिसरातील कुटुंबांना लाँच सोयीची वाटते. अडचण एकच, ती म्हणजे ओहोटीची. मोरा बंदरात गाळ साचलेला असल्याने पाणी उतरले की लाँच धक्क्याला लागू शकत नाही आणि फेऱ्या थांबतात. अशा वेळी आपली व्हॅन बंदरावर तास-दीड तास उभी राहते. मुले आली, ट्रंका आणि गाद्यांच्या वळकट्या टपावर चढल्या, की परतीचा रस्ता कंटेनरच्या ट्रेलरांमधून काढावा लागतो. १९८९ मध्ये न्हावा-शेव्याचे बंदर सुरू झाल्यापासून उरणच्या रस्त्यांवर माणसापेक्षा कंटेनरला मान अधिक आहे, हे येथील प्रत्येकाला ठाऊक आहे.

गेल्या पावसाळ्यानंतर या व्हॅनला एक खोड लागली. चालू असताना ती व्यवस्थित धावे, परंतु वेग कमी करून थांबण्याची वेळ आली की इंजिन थरथरू लागे, आवाज वर-खाली होई आणि कित्येकदा ती जागीच बंद पडे. मेकॅनिकांच्या भाषेत, गाडी ‘स्लो धरत नव्हती’. एका चौकात, मागे चाळीस फुटी ट्रेलर असताना आणि आत सात मुले बसलेली असताना ती बंद पडली. ट्रेलरवाल्याने वेळेवर ब्रेक दाबला म्हणून निभावले. त्यानंतर ड्रायव्हरमामांनी स्वतःपुरता उपाय शोधला. सिग्नलला एक पाय ब्रेकवर आणि दुसरा किंचित अॅक्सिलरेटरवर ठेवून ते गाडी जिवंत ठेवीत. मुलांना घेऊन जाणाऱ्या गाडीत हा उपाय किती दिवस चालवायचा, हा प्रश्न होता.

एका गॅरेजमध्ये प्लग बदलले, पेट्रोलचा आणि हवेचा फिल्टर बदलला. फरक पडला नाही. पुढे पेट्रोलचा पंप बदलावा लागेल, कदाचित संपूर्ण थ्रॉटल बॉडी नवी बसवावी लागेल, असे सांगण्यात आले आणि जो खर्चाचा आकडा पुढे आला, तो वसतिगृहाच्या महिन्याच्या भाजीपाल्याइतका होता. प्रत्येक वेळी एक भाग बदलायचा आणि आजार गेला का ते पाहायचे, ही पद्धत केवळ खर्चिक नव्हे, तिच्यातून काही कळतही नाही. आजार गेला तरी तो कशामुळे होता, ते अज्ञातच राहते.

दिवाळीच्या सुट्टीनंतरच्या रविवारी व्हॅन मोरा बंदरावर उभी होती, मीही तिच्याबरोबर होतो. ओहोटी लागल्याने लाँच यायला अवकाश होता. गाडीचा आवाज ऐकून जाळी सांधत बसलेल्या एका वृद्ध खलाशाने मान वर न करताच निदान केले, “गारीनी एअर पकरली असल.” होडीच्या इंजिनापुरते ते अगदी खरे होते. डिझेलच्या नळीत हवा शिरली की पंपाकडून इंधन सलग जात नाही, इंजिन अडखळते, आणि मग नळीचा नट सैल करून बुडबुडे संपेपर्यंत हवा सोडावी लागते. समुद्रावर हे ज्ञान माणसाचा जीव वाचवते. आमची गाडी मात्र पेट्रोलवर चालणारी होती.

तेवढ्यात आमचा एक माजी विद्यार्थी तेथे आला. मोऱ्याकडून उरणकडे जाणाऱ्या रस्त्यावर तो एका छोट्या गॅरेजात काम करतो. त्याचे नाव येथे देत नाही, कारण तशी त्याचीच इच्छा आहे. दहावीनंतर त्याने औद्योगिक प्रशिक्षण संस्थेत मोटार मेकॅनिकचा दोन वर्षांचा अभ्यासक्रम पूर्ण केला. “जयभीम सर” म्हणत तो जवळ आला, आणि गाडीचे काय झाले आहे हे मी सांगू लागताच त्याने मला नम्रपणे थांबविले.

“सर, ती बंद कधी पडते तेवढं सांगा. कशामुळे पडते ते आत्ता नको.”

इतिहासाच्या पदव्युत्तर वर्गात आम्हांला पहिल्याच वर्षी शिकविलेला नियम हाच होता. साधनात काय आहे आणि साधनावरून कोणी काय अनुमान काढले आहे, या दोन गोष्टी वेगळ्या ठेवाव्यात. आमच्या गाडीच्या बाबतीत गेले दीड महिना अनुमानेच जमा झाली होती. साक्ष कोणी घेतली नव्हती.

त्याने ड्रायव्हरमामांना एकेक प्रश्न विचारला. इंजिन थंड असताना बंद पडते की गरम? दोन्ही वेळा. चढावर ओढ कमी वाटते का? नाही. रात्री हेडलाइट लावल्यावर त्रास वाढतो का? मामा क्षणभर विचारात पडले आणि म्हणाले, “होय, वाढतो.” पाय किंचित दाबला की थरथर थांबते का? लगेच थांबते. ही उत्तरे मिळेपर्यंत त्याने गाडीला हातही लावला नव्हता.

येथे वाचकांसाठी थोडे स्पष्टीकरण आवश्यक आहे. पेट्रोलच्या इंजिनात एक भाग पेट्रोल पूर्ण जळण्यासाठी वजनाने सुमारे १४.७ भाग हवा लागते. आपण अॅक्सिलरेटर दाबतो तेव्हा खरे तर हवेच्या मार्गातील एक झडप उघडतो. संगणक आत येणाऱ्या हवेचा अंदाज घेऊन त्या प्रमाणात पेट्रोल सोडतो. पाय काढला की ही झडप जवळजवळ मिटते. मग उभ्या गाडीचे इंजिन श्वास कोठून घेते? त्यासाठी झडपेच्या बाजूने एक अरुंद वाट ठेवलेली असते आणि त्या वाटेच्या तोंडाशी हा छोटा व्हॉल्व्ह असतो. आत एक लहानशी मोटर आणि तिला जोडलेला निमुळता दट्ट्या, एवढीच त्याची रचना. हेडलाइट किंवा एसी लावला की इंजिनावरील भार वाढतो. संगणक व्हॉल्व्हला आणखी उघडण्यास सांगतो, जास्त हवा आत येते आणि इंजिन तग धरते.

पूर्वी कार्ब्युरेटरच्या गाड्यांत हे काम एका स्क्रूवर चाले. उस्ताद मेकॅनिक कान लावून तो पाव-पाव फेरा फिरवीत. २००० च्या सुमारास प्रदूषणाचे नवे निकष आले, कार्ब्युरेटर मागे पडला आणि स्लो सांभाळण्याचे काम संगणकाकडे गेले. कल्पना मात्र जुनीच आहे. जेम्स वॅटने १७८८ मध्ये वाफेच्या इंजिनावर फिरत्या गोळ्यांचा नियामक बसविला. वेग वाढला की गोळे बाहेर फेकले जात आणि वाफ कमी होई. वेग घटला की गोळे खाली येत आणि वाफ वाढे. असे नियामक कधी कधी वेग स्थिर राखण्याऐवजी तो सारखा वर-खाली का करू लागतात, याचे गणित जेम्स क्लार्क मॅक्सवेलने १८६८ मध्ये मांडले. आमच्या व्हॅनच्या बॉनेटशिवायच्या पोटात, पुढच्या सीटखाली, त्याच परंपरेतील एक नियामक हट्टाला पेटला होता.

मुलाने सीट उचलली. खिशातून एक छोटे यंत्र काढून गाडीच्या जोडणीत लावले आणि मोबाइलवर इंजिनाचे फेरे पाहिले. आकडा ५५० आणि ९०० यांच्यामध्ये हेलकावे खात होता. दोषाची नोंद एकही नव्हती. ‘चेक इंजिन’चा दिवाही लागलेला नव्हता. मग त्याने फेरे दोन हजारांवर नेऊन स्थिर धरले. इंजिन घड्याळासारखे चालले. “प्लग, कॉइल, पेट्रोल यांत मोठा दोष असता तर इथंही अडखळली असती,” तो म्हणाला. नंतर साबणाचे पाणी हवेच्या नळ्यांच्या सांध्यांवर थोडे थोडे टाकले. कोठेही पाणी आत ओढले जाईना, आवाजही बदलेना. म्हणजे फुटक्या नळीतून चोरटी हवा आत येत नव्हती. उलट पाय दाबून हवा वाढविली की त्रास थांबत होता. याचा अर्थ उभ्या अवस्थेत इंजिनाला हवा कमी पडत होती. हेडलाइट लावून पाहिले. फेरे खाली गेले आणि सावरले नाहीत. शेवटी इंजिन बंद करून त्याने व्हॉल्व्हवर बोट ठेवले आणि मामांना किल्ली चालू-बंद करायला सांगितले. “चांगला व्हॉल्व्ह बोटाखाली गुरगुरतो, सर. हा मुका आहे.”

मुका व्हॉल्व्ह दोन कारणांनी मुका असू शकतो. एक तर त्याची मोटर जळलेली असेल किंवा मोटर शाबूत असून दट्ट्या अडकलेला असेल. पहिल्या बाबतीत नवा भाग घ्यावा लागतो, दुसऱ्या बाबतीत सफाई पुरते. इंजिन निवेपर्यंत तो थांबला, बॅटरीची ऋण तार काढली, जोडणी सोडवून मीटर लावला. आतील दोन्ही वेटोळ्यांचा रोध सारखा भरला. मोटर जिवंत होती. जोडणीच्या पितळी टाचण्यांवर मात्र खाऱ्या हवेने हिरवट थर चढविला होता. दोन स्क्रू काढून व्हॉल्व्ह बाहेर घेतला तेव्हा दट्ट्याच्या टोकावर आणि हवेच्या वाटेत काजळी आणि तेलाची डांबरासारखी पुटे दिसली.

सफाई करताना त्याने पाळलेली पथ्ये येथे नोंदवितो, कारण ती कोणाच्याही उपयोगी पडतील. दट्ट्याचे टोक खाली धरावे, म्हणजे फवाऱ्याचे द्रव्य मोटरीत उतरत नाही. दट्ट्या बोटाने आत दाबू नये किंवा पिळू नये. आतील बारीक आटे तुटतात. फवारा ज्वालाग्राही असतो, तेव्हा आसपास विडी-सिगारेट चालत नाही. दट्ट्याइतकीच हवेची वाट आणि मुख्य झडपेची कडही पुसावी. रबराची कडी घट्ट झाली असेल तर नवी घालावी. गॅरेजमधून फवारा आणि कडी आणायला लागलेला वेळ धरून हे सारे दीड तासात झाले, आणि सामानाचा खर्च चारशे रुपयांच्या आत राहिला. मजुरी त्याने घेतली नाही.

मग बॅटरीची तार जोडून इंजिन सुरू केले. फेरे प्रथम चौदाशेपर्यंत गेले. मामांचा पाय सवयीने पुढे सरकला, तर तो म्हणाला, “मामा, पाय लावू नका. दहा मिनिटं तिला तिचं तिचं शिकू द्या.” आकडा हळूहळू उतरत आठशेच्या आसपास स्थिरावला. हेडलाइट लावले, इंजिन क्षणभर दबले आणि पुन्हा वर आले.

एक गोष्ट त्याने मुद्दाम केली नाही. झडपेला टेकू देणारा एक स्क्रू असतो. तो थोडा फिरविला असता तर झडप किंचित उघडी राहून इंजिन पाच मिनिटांत शांत झाले असते. अनेक ठिकाणी हेच करतात. “आवाज गप्प करता येतो, सर, पण मग व्हॉल्व्ह खराब आहे हे कुणाला कळणारच नाही,” असे त्याचे म्हणणे पडले. आणि तो कारणाच्याही मागे गेला. काजळी आली कोठून? इंजिनाच्या पोटातील तेलकट वाफ पुन्हा हवेच्या मार्गात सोडणारी नळी तुंबली होती, तेल बदलण्याची मुदत उलटून गेली होती, आणि बंदरावर लाँचची वाट पाहताना एसीसाठी गाडी तासन्तास चालू ठेवली जात होती. नळी साफ झाली. तेल बदलले. बंदरावर इंजिन बंद ठेवायचे, असा नियम झाला.

पुढच्या आठवड्यात त्याला मी नववीच्या वर्गात बोलाविले. त्याने व्हॉल्व्हची आकृती फळ्यावर काढली. एका मुलीने विचारले, “दादा, दिवा लागला नाही, यंत्रातही काही आलं नाही, मग गाडीला स्वतःची खराबी कळलीच नव्हती का?” तो म्हणाला, “गाडी व्हॉल्व्हला ‘एवढा उघड’ म्हणून सांगते. तो खरंच उघडला का, हे ती बघत नाही. बघायची सोयच नाही तिच्यात.”

या उत्तरावर मी पुढचा पूर्ण तास घेतला. आदेश निघाला म्हणजे अंमल झाला असे दप्तर समजते. किती शासननिर्णय असे आहेत की जे कागदावर पूर्ण उघडले आणि गावाच्या वेशीवर अडकले! आणि दप्तरात नोंद नाही म्हणून दुःख नव्हते असे म्हणता येत नाही. आपल्या आजोबा-पणजोबांच्या आयुष्याचा फार मोठा भाग कोणत्याही दप्तरात नाही. तो शोधायचा तर या मुलासारखेच, कधी, कोठे, कोणत्या भाराखाली, असे विचारीत जावे लागते.

यंत्राशी आपले नातेही त्या इतिहासाचाच भाग आहे. मुंबईच्या कापड गिरण्यांतील विणकाम खात्यात अस्पृश्य कामगारांना प्रवेश नव्हता, कारण तुटलेला धागा लावताना तोंडाचा उपयोग करावा लागे आणि इतरांना विटाळाची भीती होती. पगार त्याच खात्यात अधिक होता. १९२८ च्या गिरणी संपाच्या वेळी बाबासाहेबांनी हा प्रश्न उघडपणे मांडला. १९४२ मध्ये व्हाइसरॉयच्या कार्यकारी मंडळात मजूरमंत्री झाल्यावर त्यांनी २९ ऑक्टोबर रोजी जे निवेदन सादर केले, त्यात उच्च शिक्षणाबरोबर तांत्रिक शिक्षणाची मागणी होती. सरकारी छापखाने आणि रेल्वेचे कारखाने येथे आपल्या मुलांना उमेदवारी मिळावी असे त्यांनी सुचविले. यंत्रापाशी उभे राहण्याचा हक्क आपल्याला असा मागून घ्यावा लागला आहे.

तो हक्क वापरणाऱ्या मुलाकडे आज आपण कसे पाहतो? या स्मरणिकेसाठी माजी विद्यार्थ्यांकडून माहितीचे फॉर्म मागविले होते. त्यांत पदवी, पद आणि कार्यालय असे रकाने होते. तू फॉर्म भरलास का, असे मी त्याला विचारले. “माझ्यासारख्यांसाठी रकाना नव्हता, सर,” तो हसत म्हणाला. डॉक्टर, अभियंता, अधिकारी झालेल्या आपल्या मुलामुलींचा मला अभिमान आहे आणि त्यांची यादी या अंकात छापली जावी, हेही योग्यच आहे. तथापि सात मुलांना रोज चौकातून सुखरूप पार नेणारी विद्या त्या यादीबाहेर राहावी, हे मला पटत नाही. पुढील अंकाच्या फॉर्ममध्ये ‘आपणांस कोणते काम उत्तम येते?’ एवढा एक रकाना वाढवावा, अशी माझी संपादक मंडळास विनंती आहे. गवंडी, शिंपी, वायरमन, परिचारिका, लाँचवरचे खलाशी झालेली आपली मुले त्यात लिहू शकतील.

शाळेपुरते एक काम मात्र सुरू झाले आहे. नववीच्या मुलांनी व्हॅनसाठी एक नोंदवही घातली आहे. तिच्यात चार सदरे आहेत: त्रास काय आहे, त्याचे कारण काय, तो गेला हे कशावरून ओळखायचे, आणि तो पुन्हा होऊ नये म्हणून कोणती शिस्त पाळायची. बौद्ध संस्थेच्या वाचकांना ही चार सदरे कोठून आली हे सांगण्याची आवश्यकता नाही. पहिल्या पानावर व्हॉल्व्हची हकिगत आहे. दुसऱ्या पानावर ड्रायव्हरमामांनी स्वतः, आपल्या जाड अक्षरात, मागच्या दाराच्या कुलपाविषयी लिहिले आहे. कारणाचे सदर अजून कोरे आहे. मुले शोधीत आहेत.